वन्संची पडद्यावरची माणसं

माझं लग्न झालं त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी जिना उतरत होते आणि खाली उभ्या असलेल्या माझ्या नणंदेने मला विचारलं, "वहिनी, तू पहिला पाय नेहमी उजवा टाकतेस, हे तुला माहीत आहे का?"

कुणाला माहीत असतं असलं काही? मी घाबरून म्हटलं, "का हो वन्सं, चुकतं का काही?"

"छे गं, चुकतंय कसलं? छान उतरतेस. कठड्याला हात लावत नाहीस. फक्त हातात काही असलं की शेवटच्या पायरीला थबकतेस." एवढं बोलून त्या चहा ठेवायला आत गेल्या. पुढे कितीतरी दिवस मला धड जिना उतरता येईना.

वन्सं ह्यांच्याहून धाकट्या आणि माझ्याहून थोरल्या. म्हणजे नात्याने मी मोठी, वयाने त्या. म्हणून त्या मला वहिनी म्हणतात पण अगं-तुगं करतात, आणि मी त्यांना वन्सं म्हणते आणि अहो-जाहो करते. दोघींचा मान राखला जातो आणि दोघींना एकमेकींचे कानही धरता येतात. त्यांनी लग्न केलं नव्हतं. का केलं नाही, ह्याची घरात बरीच उत्तरं होती, सांगणाऱ्याप्रमाणे बदलणारी. त्यांचं स्वतःचं उत्तर एकच: "राहून गेलं." जणू दूध आणायचं राहून गेलं.

त्यांचं काम नेमकं काय, हे समजायला मला बराच काळ लागला. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमची कॉम्प्युटरवर माणसं करते." शेजारीण विचारायची, "म्हणजे कार्टून?" त्यावर सासूबाई म्हणायच्या, "कार्टून नाही हो, कार्टी माझ्या घरात आहेत. ही खरी माणसं करते."

सासूबाईंचं फारसं चुकत नव्हतं. एखादं सभागृह, दवाखाना, स्टेशन बांधायचं असलं, की आग लागल्यावर आतली माणसं धड बाहेर पडतील का, कुठल्या दाराशी कोंडी होईल, हे आधी कॉम्प्युटरवर चालवून पाहतात. वन्संचं ऑफिस हेच करायचं. इमारतीचा नकाशा इंजिनिअर आत घालत. भिंती, दारं, जिने त्यांचे. माणसं वन्संची. म्हणून ऑफिसात त्यांना गर्दीबाई म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं.

त्या कामाला लागल्या तेव्हा ह्या गर्दीत खरं तर एकच माणूस होता. शर्टाचे रंग बदलून तोच हजारदा उभा केलेला. तरणाबांड, ठणठणीत, दोन्ही हात मोकळे, सोबतीला कुणी नाही. घंटा वाजली की लगेच उठणार आणि जवळच्या दाराकडे नाकासमोर चालू लागणार. "असा माणूस मी अजून बघितला नाही," वन्सं म्हणायच्या. "आणि असलाच, तर त्याची काळजी आपण कशाला करायची? तो आपला आपण वाचेल."

मग त्यांनी त्या एकाचे अनेक केले. पडद्यावरच्या पट्ट्या मागेपुढे सरकवत त्या एकेक माणूस बसवायच्या. ह्याचं वय इतकं, अंगाने असा, पाऊल एवढं पडतं, एका कानाने कमी ऐकतो. ही पोटुशी आहे, हिच्या हाताला नवऱ्याचा हात आहे आणि तो सोडायला ती तयार नाही. ह्या आजोबांना वाटेत दोनदा टेकावं लागतं. ही मैत्रिणींची टोळी आहे. पाचही जणी एकदम निघतील नाहीतर एकही निघणार नाही. शरीर बसवून झालं की स्वभाव. घंटा वाजल्यावर कोण आधी इकडेतिकडे बघतो, कोण पिशवी भरायला घेतो, कोण आला त्याच दाराने परत जायचा हट्ट धरतो, शेजारी दुसरं दार सताड उघडं असलं तरी.

ह्यातली निम्मी माणसं आमच्या घरातली होती, हे मला मागाहून कळलं. माझा नवरा 'काही-नाहीवाला' म्हणून त्यांच्या प्रत्येक इमारतीत असायचा. कसलाही आवाज झाला की "काही नाही, टेस्टिंग चालू असेल," असं म्हणून पुन्हा खुर्चीत रेलणारा. सासूबाई जिथे बसतील तिथे पायातल्या चपला काढून ठेवायच्या आणि उठताना पायाने चाचपडत शोधायच्या, त्यासुद्धा होत्या. मी होते की नाही, हे मी कधी विचारलं नाही. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या.

माणसं घडवायची तर आधी बघायला हवीत, म्हणून वन्सं बघत बसायच्या. दवाखान्याच्या बाकावर, बसथांब्यावर, दुकानांच्या रस्त्यावर. एखाद्याची चाल आवडली की थोडं अंतर ठेवून त्याच्या मागे चालायच्या, फोन कानाला लावून. बघणाऱ्याला वाटावं बाई कुणाशी बोलते आहे. प्रत्यक्षात फोनमध्ये आपलं बोलणं टिपून ठेवत असायच्या. "उजवा खांदा खाली. पिशवी बदलताना थांबते. समोरून माणूस आला की डावीकडेच सरकते."

ह्याच खोडीपायी एकदा त्या पकडल्या गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळी त्या घरी आल्या त्या कानापर्यंत लाल होऊन. चपला काढायच्या आधी म्हणाल्या, "वहिनी, आज माझी अब्रू गेली गं."

झालं होतं ते असं. दुकानांच्या रस्त्यावर त्यांना एक गृहस्थ दिसले. पन्नाशी ओलांडलेले, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि डावा पाय लहानपणीच्या तापात गेलेला. पाय नुसता ओढत नव्हते; कमरेतून एक हलका झोका देऊन तो पुढे फेकत आणि मग त्यावर क्षणभर टेकून पुढचं पाऊल टाकत. वन्संनी असली चाल आजवर पाहिली नव्हती. त्या मागे लागल्या. फोनवर बोलणं चालू: "झोका कमरेतून. टाच आधी टेकत नाही. गर्दीत हात थोडे फाकवतो, तोल सावरायला."

गृहस्थ एका चष्म्याच्या दुकानासमोर थांबले. दर्शनी भागात सगळीकडे आरसेच आरसे. वन्संना वाटलं, फ्रेमा बघतायत. ते आरशात वन्संना बघत होते.

न वळताच ते म्हणाले, "बाई, माझ्याबद्दल कुणाशी बोलताय?"

वन्संच्या हातातला फोन पडायचाच राहिला. खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. म्हणाल्या, "कुणाशीच नाही. मला तुमची चाल हवी होती."

"माझी चाल?" आता ते वळले. "अहो, ही चाल टाकून दुसरी मिळावी म्हणून मी सगळं लहानपण दवाखान्यांत काढलं. आणि तुम्हाला ती हवीय?"

वन्संनी तिथेच रस्त्यावर उभं राहून आपलं काम समजावलं, माफी मागितली, फोनमधलं बोलणं त्यांच्यादेखत पुसलं. ते सगळं ऐकून घेऊन मग ते गृहस्थ खिशातून किल्ली काढून त्याच दुकानाचं कुलूप उघडू लागले. दुकान त्यांचंच होतं. कुलूप उघडता उघडता म्हणाले, "पुसलंत कशाला? न विचारता घेतलंत त्याचा राग आला. विचारलं असतंत तर दिली असती."

"मग आता विचारते," वन्सं म्हणाल्या.

"आता मला आधी दाखवा, त्याचं करता काय ते."

एवढं सांगून वन्सं माझ्याकडे बघायला लागल्या. "शनिवारी ऑफिसात यायला सांगितलंय. वहिनी, तू चल माझ्याबरोबर. मला एकटीला त्यांच्यासमोर कसंतरीच होतं."

मी गेले. न जाऊन सांगते कुणाला!

वन्संनी दोन दिवस खपून तो माणूस तयार केला होता. त्या दिवशी ऑफिसात बाकी कुणी नव्हतं. चष्मेवाले (आम्ही त्यांना तेच म्हणायला लागलो, आणि अजून म्हणतो) खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. वन्संनी नाट्यगृहाचा एक नकाशा उघडला. तेव्हा शहरात एक मोठं नाट्यगृह बांधून होत आलं होतं आणि त्याचंच काम चालू होतं. खुर्च्यांच्या रांगा भरल्या. मधोमध, निळ्या शर्टातला एक छोटा माणूस. घंटा वाजली. सगळे उठले, तोही उठला. कमरेतून झोका, पाय पुढे, क्षणभर टेकणं. हुबेहूब.

पडद्यावरचा माणूस रांगेतून बाहेर पडला, लोटालोटीत मागे राहिला, त्याच्यामागे माणसं तुंबली, त्याला ओलांडून गेली, आणि शेवटी रिकाम्या नाट्यगृहातून तो एकटाच दाराकडे येत राहिला.

"पुन्हा लावा," चष्मेवाले म्हणाले.

पुन्हा लावलं. पुन्हा तो शेवटी.

"पाय माझेच आहेत," ते म्हणाले. "त्यात शंका नाही. कारागिरी उत्तम. पण बाई, डोकं कुणाचं बसवलंत?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा येडबंबू मधोमध कशाला जाऊन बसलाय? मी आयुष्यात कधी नाट्यगृहात मधे बसलो नाही. मी तिकीट काढतानाच कडेची खुर्ची मागतो, दाराजवळची. बससाठी पाच मिनिटं आधी निघतो. जिन्यावर गर्दी दिसली की आधी थांबतो आणि मग भिंतीच्या बाजूने उतरतो. मी हळू आहे हे तुम्हाला परवा कळलं. मला लहानपणापासून माहीत आहे. तुमची ही धट्टीकट्टी मंडळी घंटा वाजल्यावर विचार करायला लागतात. माझा विचार आत शिरतानाच झालेला असतो."

मला वाटलं, आता वन्सं रडतात की काय. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "अजून सांगा."

दुपार झाली, मला भूक लागली, मी बाहेरून खायला आणलं, ते दोघांनी न बघता खाल्लं. पट्ट्या सरकत होत्या. "इथे मी कठडा धरणार नाही, कठडा उजवीकडे आहे." "मग भिंतीला हात?" "हात नाही, खांदा." "खांदा! मी बघितलाच नाही." "कसा बघाल? तुम्ही मागून चालत होतात." संध्याकाळी तो निळ्या शर्टातला माणूस दाराजवळच्या खुर्चीतून उठला आणि पहिल्या काही माणसांत बाहेर पडला. चष्मेवाल्यांनी टाळी वाजवली. मग लगेच म्हणाले, "शर्ट निळा नको. मी निळा घालत नाही."

त्यानंतर चष्मेवाले अधूनमधून ऑफिसात दिसू लागले. दुकानाला बुधवारी सुट्टी, तेव्हा ते यायचे. आपल्या गिऱ्हाइकांमधले लोक आणायचे. नुसते गोष्टींमधून नाही, खरेखुरे. एक मास्तर आले, ज्यांना अंधारात काहीच दिसत नव्हतं. एक ऐकू न येणारी शिंपीण आली. तिने दाखवून दिलं की घंटा तिला ऐकू आली नाही तरी आजूबाजूची माणसं उठण्याच्या आधीच तिला कळतं, कारण लोकांचे चेहरे आधी बदलतात. वन्संच्या गर्दीला आता नुसतं अंग नव्हतं, अनुभव आला होता. साहेबांची मात्र कुरकुर असायची, "गर्दीबाई, आपल्याला नाट्यगृह रिकामं करायचंय, लोकांची चरित्रं लिहायची नाहीत." पण कोंडी कुठे होते हे त्यांच्या माणसांमुळे नीट कळायचं, म्हणून साहेब कुरकुरत का होईना, सही करायचे.

घरी वन्सं चष्मेवाल्यांचं नाव काढायच्या नाहीत. फक्त बुधवारी इस्त्रीची साडी नेसायच्या. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते.

नाट्यगृह तयार झालं. उघडायच्या आधी खरीखुरी कवायत घ्यायची ठरली. कर्मचाऱ्यांचे नातेवाईक, ओळखीपाळखीचे, असे कितीतरी लोक बोलावले. स्टेजवर गाणं चालू राहणार, मधेच केव्हातरी घंटा होणार, सगळ्यांनी बाहेर पडायचं. वन्सं वरच्या काचेच्या खोलीत साहेबांबरोबर कॅमेऱ्यांसमोर. काहीही झालं तरी त्या खोलीतून बाहेर यायचं नाही, हा नियम त्यांनीच केलेला.

आम्ही तिघं मधल्या रांगेत बसलो: मी, हे आणि सासूबाई. चष्मेवाले दूर कडेला, दाराजवळ. सासूबाईंनी त्यांना तोवर पाहिलेलं नव्हतं, आणि त्यांनी सासूबाईंना.

घंटा झाली. आमचे हे म्हणाले, "काही नाही, टेस्टिंग चालू असेल." आजूबाजूचे लोक खो खो हसले, कारण त्या दिवशी ते खरंच टेस्टिंग होतं. हसत हसत सगळे उठले आणि त्याच हसण्यात सासूबाई पायाने चप्पल चाचपडत राहिल्या. एक सापडली. दुसरी पुढच्या रांगेखाली गेली होती. मी वाकले, तेवढ्यात मागून रेटा आला. कवायत असली तरी रेटा खराच असतो. माणसं हसत असली तरी त्यांचं वजन कमी होत नाही. मी आणि हे दाराबाहेर ढकलले गेलो आणि मागे वळून बघते तो सासूबाई नाहीत.

पुढचं मला नंतर कळलं. सासूबाई एका चपलेने कशाबशा जिन्याच्या वळणापर्यंत आल्या आणि घाबरून पायरीवर बसल्या. वरून माणसं उतरतच होती. चष्मेवाले तोवर खाली पोचलेले. अगदी पडद्यावरच्यासारखे, पहिल्या काही जणांत, भिंतीला खांदा लावून. बाहेरच्या दारात त्यांनी सहज मागे बघितलं. वळणावर एक म्हातारी बाई, एक पाय अनवाणी, माणसांच्या गुडघ्यांमध्ये.

ते परत फिरले.

जिना चढणं त्यांना उतरण्याहून कठीण. तेही उलट्या दिशेने, समोरून अख्खं नाट्यगृह अंगावर येत असताना. वर काचेच्या खोलीत साहेब ओरडले, "हा माणूस उलटा का चाललाय? अरे, हा तर आपला तो..." आणि बाजूला बघतात तो वन्संची खुर्ची रिकामी.

रेट्याबरोबर मी तोवर खाली येऊन पडले होते आणि तिथून जिन्याकडे बघत होते. चष्मेवाले सासूबाईंच्या पुढे पाय रोवून उभे राहिले, दोन्ही हात किंचित फाकवून, आणि ओढ्यात धोंडा असावा तशी गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी जायला लागली. तेवढ्यात वरून वन्सं आल्या, धावत, पदर खोचून, लोकांना कोपराने बाजूला सारत. ज्या बाईने हजारो माणसांना शिस्तीत बाहेर काढलं, ती त्या दिवशी जिन्यावरची सगळ्यात बेशिस्त व्यक्ती होती.

तिघं सगळ्यांत शेवटी खाली आले. सासूबाई मधे, एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला चष्मेवाले. खाली पोचताच वन्सं त्यांच्यावर कडाडल्या, "तुम्हाला परत फिरायला कुणी सांगितलं होतं? बाहेर पडला होतात ना? पडला असतात तर?"

"बाई, त्यांचा एक पाय अनवाणी होता."

"म्हणून काय झालं? ती माझी आई आहे!"

हे कशाचं कशाला उत्तर होतं, कुणालाच कळलं नाही. चष्मेवाले सासूबाईंकडे बघून गडबडीने म्हणाले, "तुमच्या आई? मला माहीत नव्हतं." मग लगेच, "कुणीही असतं तरी आलो असतो. पण आता बरं वाटतंय."

सासूबाई धापा टाकत होत्या, तरी त्यांची नजर दोघांच्या तोंडांवरून फिरत होती. "अगं, ओरडतेस काय त्यांच्यावर? त्यांनी मला सांभाळलं. कोण हे?"

"हे... चष्म्याचे," वन्सं म्हणाल्या आणि पुन्हा कानापर्यंत लाल झाल्या.

आईच्या नजरेला नंबर लागत नाही म्हणतात. तरी पुढच्याच आठवड्यात सासूबाईंनी जाहीर केलं, "माझा नंबर बदललाय. मला त्या चष्मेवाल्यांकडे घेऊन चल." मी घेऊन गेले. नंबर मुळीच बदललेला नव्हता. चष्मेवाल्यांनी ते इमानदारीने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, पुन्हा तपासा," आणि त्या तपासणीत त्यांनी बरंच काही तपासलं: बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाक स्वतः करतात, बरा करतात. बाहेर पडल्यावर मला म्हणाल्या, "माणूस सरळ आहे."

घरी त्यांनी मुलीकडे विषय काढला. वन्सं म्हणाल्या, "आई, ह्या वयात काहीतरीच काय." सासूबाई म्हणाल्या, "वय झालंय ते माझं. तुझं नुसतं राहून गेलंय." त्यावर वन्सं उठून गॅलरीत गेल्या. मी थोड्या वेळाने मागे गेले.

"मला भीती वाटते गं, वहिनी," त्या खाली रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "मी लांबून बघणारी बाई. लांबून मला सगळं कळतं. जवळ गेल्यावर काय करायचं असतं, ते मी कधी बघितलंच नाही."

"वन्सं, त्या दिवशी जिन्यावर कोण धावलं होतं?"

"ते मी विचार न करता धावले."

"मग आताही करू नका."

चष्मेवाल्यांनी स्वतः विचारलं ते मात्र आमच्या कुणाच्याच मदतीशिवाय. ही हकीकत वन्संनी मला एकदाच सांगितली, तीही तोंडावर हात ठेवून. पडद्याकडे बघून बघून त्यांचे डोळे दुखत होते, म्हणून त्या दुकानात तपासून घ्यायला गेल्या. तपासणीची ती जड लोखंडी फ्रेम नाकावर, एका डोळ्यावर झाकण, समोर भिंतीवर अक्षरं. चष्मेवाले एकेक काच बदलत विचारत होते, "हे बरं, की मगाचं बरं?" वन्सं सांगत होत्या. "आता हे बरं, की हे?" "पहिलं." "आणि हे?" "सारखंच." मग काच बदलायचा आवाज आला नाही. चष्मेवाले त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले होते. म्हणाले, "आणि एकटं बरं, की दोघं बरं?"

वन्सं म्हणतात, त्यांना समोरचं एकही अक्षर दिसेना. नाकावर दहा काचा, त्यात डोळ्यांत पाणी. शेवटी म्हणाल्या, "पुन्हा एकदा दाखवा."

लग्न कचेरीत सह्या करून झालं. आमच्या ह्यांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि सासूबाई खुर्चीत चपला घालूनच बसल्या होत्या. तेवढं मी बघून ठेवलं.

ऑफिसात वन्संनी एक नवी पट्टी बसवून घेतली: परत फिरणारी माणसं. साहेबांनी डोक्याला हात लावला. "गर्दीबाई, असे किती जण असतात?" वन्सं म्हणाल्या, "आपल्याला वाटतं त्याहून जास्त. त्या दिवशीचे कॅमेरे बघा. ह्यांच्याखेरीजही आहेत. कुणी पोराला शोधतंय, कुणी मैत्रिणीला. आपण त्यांना चूक म्हणून काढून टाकत होतो." पुढच्या इमारतीत जिन्याच्या वळणावर इंजिनिअरांनी चांगली ऐसपैस जागा सोडली, टेकलेल्या माणसाला आणि त्याच्यासाठी थांबलेल्याला बाजूला होता येईल अशी. त्या जागेला नकाशात काहीतरी लांबलचक नाव आहे. ऑफिसात तिला सरळ 'आईची जागा' म्हणतात.

लग्नाला काही महिने झाले तरी दोघं कुठे फिरायला गेले नव्हते. मग वन्संच्या ऑफिसला प्रवासी बोटीचं काम मिळालं. बोटीवरची माणसं कशी चालतात हे काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्या निघाल्या, आणि चष्मेवाले दुकानाला कुलूप लावून बरोबर निघाले. आमचे हे म्हणाले, "जगातला पहिला मधुचंद्र, ज्याचा अहवाल ऑफिसात द्यायचाय."

परवा दुपारी वन्संचा फोन आला. मागे वारा, इंजिनाची घरघर, कुणाचं तरी पोर रडत होतं.

"वहिनी, ऐकू येतंय का? अगं, माझं सगळं चुकलंय इथे! सगळ्या पट्ट्या नव्याने बसवायला लागणार."

"का हो? काय झालं?"

"जमीन हलते गं! जमीन हलायला लागली की कुणालाच चालता येत नाही. तरणेताठे पोरगे खांबाला मिठी मारून उभे आहेत. सगळे लंगडतायत, ह्यांच्याखेरीज. हे कमरेतून आपला झोका देत डेकवर असे फिरतायत, जसा बोटीवरच जन्म झालाय. लोकांना धरून धरून बाकावर नेऊन बसवतायत. एका बाईला वाटलं हे बोटीवरचे कर्मचारीच आहेत, तिने ह्यांना चहा आणायला सांगितला."

"मग?"

"मग काय, आणला. सांडला नाही एक थेंब." त्या हसल्या, आणि हसता हसता एकदम गप्प झाल्या.

"वन्सं? आहात ना?"

"आहे," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "मी ठेवते. पोटात काही ठरत नाहीये. सकाळपासून मी माणसं कमी आणि बादली जास्त बघितलीय."

फोन बंद झाला. सासूबाई पलंगावरून विचारत होत्या, "काय म्हणतेय? बरी आहे ना?"

"बऱ्या आहेत. बोट लागलीय."

"तरी मी सांगितलं होतं, आल्याचा तुकडा तोंडात धर म्हणून," सासूबाई म्हणाल्या. "लाव परत फोन. तिला नाही, जावयांना लाव. तेच ऐकतील."